पौड फाट्याचे तिकीट

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्याकडे तोतरेपणावरील उपचारासाठी येणारा बारा वर्षांचा मुलगा उपचाराच्या खोलीत छान बोलतो आणि शाळेत मात्र पूर्वीइतकाच अडतो, त्यामुळे आपलेच काही चुकते आहे, असे तू लिहिले आहेस. मला वाटते, तुझे शिकवणे चुकत नाही, मोजणे चुकते आहे. मिनिटाला तो किती वेळा अडखळला, याची तू नोंद ठेवतेस. मीही पहिली काही वर्षे हातात स्टॉपवॉच घेऊन तेच करत होते.

त्या काळात माझ्याकडे एक तरुण येत असे. शब्द किंचित ताणून, संथ लयीत बोलण्याचे तंत्र त्याने इतके आत्मसात केले, की तिसऱ्या महिन्यात माझ्या वहीच्या रकान्यात जवळजवळ शून्येच पडू लागली. मी खूश होते. एके दिवशी तो सहज बोलून गेला, की उतरायचे असते पौड फाट्याला, पण तिकीट तो नेहमी वनाजचे काढतो. कारण 'प' ओठांवर येऊन रुतून बसतो आणि कंडक्टर हात पुढे करून उभा असतो. पुढच्या टप्प्याचे पैसे तो कितीतरी वर्षे भरत होता आणि माझ्या वहीत त्याचा मागमूसही नव्हता, कारण जो शब्द उच्चारलाच नाही, तो अडला हे मी मोजणार कसे? जोसेफ शीहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अडखळत बोलत असे, याला हिमनगाची उपमा दिली: कानावर पडते ते थोडे, भीती, लाज आणि टाळाटाळ सगळी पाण्याखाली. तेव्हा तुझ्या मुलाला आधी हे विचार, की तो कोणते शब्द बदलतो, कोणते प्रश्न विचारायचे सोडून देतो. स्वतःचे नाव कोणालाच बदलता येत नाही, म्हणून ओळख करून देण्याची वेळ त्याला सर्वांत जड जात असेल.

संथ बोलण्याचे तंत्र टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. मात्र त्याच्या जोडीला चार्ल्स व्हॅन रायपर यांची वाट शिकव. तेही अडखळतच वाढले होते आणि न अडखळण्याऐवजी सहजपणे, ताण न घेता अडखळायला शिकवत: अडलेल्या शब्दानंतर क्षणभर थांबून तोच शब्द हलकेच पुन्हा म्हणायचा आणि कधी कधी तर मुद्दाम अडखळायचे. हे मुलाला सांगण्यापूर्वी तू स्वतः मंडईत जाऊन कर. 'को-को-को-कोथिंबीर' असे म्हण. दुसऱ्या 'को'लाच भाजीवाली जुडी पुढे करेल, आणि आपले वाक्य कोणीतरी आपल्या तोंडातून काढून घेतल्याची जी चीड येईल, ती लक्षात ठेव. (माझे कान पहिल्या वेळी इतके तापले होते, की नको असलेला मुळाही घेऊन घरी आले.)

आता पालकांविषयी. आपल्याकडे बोबडे आणि तोतरे यांची बोलण्यात इतकी सरमिसळ होते, की 'र'ला 'ल' म्हणणारे मूल आणि शब्दावर अडणारे मूल एकाच रांगेत येऊन बसते. मग 'जीभ जड आहे' म्हणून कोणी वेखंड उगाळून चाटवतो, कोणी जिभेखालची तार कापायला सांगतो. बर्लिनच्या डिफेनबाख या शल्यविशारदाने 1841 मध्ये याच समजुतीने लोकांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. तीच जीभ सर्वांबरोबर आरती म्हणताना एकदाही अडत नाही, एवढे पालकांच्या लक्षात आणून दिले तरी निम्मे काम होते. तोतरेपणात बोलण्याची वेळ साधणाऱ्या मेंदूतील जाळ्यांत फरक असतो आणि पुष्कळदा तो आनुवंशिक असतो. काही कुटुंबांत त्याच्याशी निगडित जनुकीय बदल 2010 मध्ये सापडलेही आहेत.

हे आईला स्पष्ट शब्दांत सांग, कारण दोष बहुधा तिच्याच माथी मारलेला असतो. त्यात आपल्या शास्त्राचाही हात आहे. पालकांनी लहान मुलाच्या साध्या अडखळण्याला नाव ठेवले, की त्यातूनच खरा तोतरेपणा जन्मतो, असे आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन मानत असत. त्यांच्या देखरेखीखाली 1939 मध्ये अनाथालयातील 22 मुलांवर प्रयोग झाला आणि त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तुझे बोलणे बिघडते आहे' असे सांगत राहिले. ती मुले त्यामुळे कायमची तोतरी झाली असे दिसले नाही. ती गप्प मात्र झाली. विद्यापीठाने 2001 मध्ये त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे आईमुळे तोतरेपणा येत नाही, पण सतत टोकल्याने मूल बोलायचे टाळू लागते. या दोन गोष्टी तिला वेगवेगळ्या करून सांगाव्या लागतील. साधारण 20 पैकी एक मूल लहानपणी कधी तरी असे अडखळते आणि बहुतेकांचे आपोआप सुटते, हेही सांग. मात्र वर्षभर टिकले किंवा घरात आधी कोणाला असेल, तर वाट पाहू नये.

राहिली शाळा, आणि मला विचारशील तर तुझ्या मुलाचा अर्धा उपचार तिथेच आहे. वर्गात ओळीने वाचन सुरू झाले, की हा मुलगा आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येईल हे मोजत बसतो आणि त्याआधीचा धडा त्याच्या कानावरही पडत नाही. त्याच्या बाईंना भेट. 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे म्हणू नका, वाक्य पुरे करू नका आणि नजर वळवू नका, एवढे सांग. वाचनाच्या तासाला सगळ्याच मुलांनी दोघादोघांनी मिळून वाचावे, अशी विनंती कर. एकसुरात वाचताना तो बहुधा अडणार नाही, आणि त्याला एकट्याला सवलत दिली असे कोणाला वाटणारही नाही. तोंडी परीक्षेला वेळेची अट सैल करता येईल का, तेही विचार. मात्र हे सारे त्याला विचारून, त्याच्या परवानगीने व्हावे; माझ्याकडून एकदा तसे झाले नाही आणि एक मुलगी पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही.

बाई काय म्हणाल्या ते कळव.

तुझी,
मॅडम