टेक्सास की न्यू जर्सी? आधी घरफाळा विचारा

प्रश्न : मुलगा आयटी कंपनीत आहे. कंपनी त्याला एच-1बी म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर पाठवते आहे. डॅलसजवळचं प्लॅनो किंवा न्यू जर्सीतलं एडिसन, यातलं एक निवडायचंय. पगार दोन्हीकडे 1 लाख 10 हजार डॉलर. सोबत सून आणि नातू. नातवाला येत्या 20 सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण होतील. जो तो म्हणतो, टेक्सासला टॅक्स नाही, तिकडंच जा. काय करावं?
– एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, एवढंच खरं. केंद्राचा कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची (सरकारी निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्याची) 7.65 टक्के कपात दोन्हीकडे सारखीच. न्यू जर्सीचा कर 1.4 टक्क्यापासून चढत जातो. 10.75 टक्के हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण तो दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लागतो. नवरा-बायकोनं एकत्र विवरण भरलं, तर तुमच्या मुलाला वर्षाला साधारण 3 हजार डॉलर बसतील, म्हणजे महिन्याला अडीचशे. भाड्यानं राहणाऱ्याला भाड्याचा 18 टक्के भाग घरफाळा धरून उत्पन्नातून वजा करता येतो. ती वजावट घ्यायला विसरू नका.

हे अडीचशे प्लॅनोत दुसऱ्या गाडीत जातात. मुलगा गाडी घेऊन ऑफिसला गेला की सून आणि पोर घरात अडकणार. हप्ता, विमा, पेट्रोल धरलं तर दुसरी गाडी अडीचशेत भागत नाही. एडिसन किंवा मेट्रोपार्क स्टेशनजवळ घर मिळालं तर एका गाडीवर निभावतं. भाडं मात्र एडिसनला जास्त. तेवढ्याच पैशात प्लॅनोत एखादी खोली जास्त मिळेल.

नातवाची तारीख इथं महत्त्वाची आहे. टेक्सासमध्ये किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. एकोणीस दिवसांच्या फरकानं त्याचं वर्ष जाईल आणि ते वर्ष बहुधा खासगी बालवाडीचे पैसे भरून काढावं लागेल. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी 1 ऑक्टोबर धरतात. घर ठरवण्याआधी त्या भागाच्या शाळा कार्यालयात तारीख विचारून घ्या.

घर विकत घ्यायची वेळ आली की खरा फरक कळतो. टेक्सासमध्ये प्राप्तिकर नाही, म्हणून शाळांचा खर्च मुख्यतः घरफाळ्यातून निघतो. 5 लाख डॉलरच्या घराला 2 टक्के दर धरला तर वर्षाला 10 हजार डॉलर. नव्या वसाहतींत पाणी-गटारांच्या कर्जाचा वेगळा आकार त्यावर चढतो, म्हणून घर बघताना एकूण दर किती, हा प्रश्न पहिला विचारा. स्वतः राहत असलेल्या घराला शाळेच्या करात 1 लाख 40 हजार डॉलरची सूट आहे, पण ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो. न्यू जर्सीचा घरफाळा तर अमेरिकेत सर्वांत चढ्या घरफाळ्यांपैकी. त्यामुळं घरफाळ्याच्या बाबतीत कुठलंच राज्य स्वस्त नाही.

डॅलस-प्लॅनो काळ्या चिकण मातीच्या पट्ट्यात आहे, आपल्या शिरोळकडच्या रानासारखीच. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, काँक्रीटच्या पायाच्या कडा खचतात. दारं चौकटीत घासायला लागली, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, तर पाया हलतोय असं समजा. तिथं पायापासून फूट-दीड फुटावर पाझरणारी नळी टाकून माती सारखी ओलसर ठेवतात. भिंतीला चिकटून पाणी सोडलं तर उलट नुकसान होतं. घर घेताना पाया तपासणाऱ्या इंजिनिअरचा अहवाल घ्याच. विम्यात गारपिटीची अट नीट वाचा : स्वतः सोसायची रक्कम विमा रकमेच्या 2 टक्के असेल, तर 4 लाखांच्या विम्यात 8 हजार डॉलर खिशातून जातात.

विजेचं कंत्राटही फसवं असतं. डॅलसच्या बहुतेक भागांत कंपनी आपण निवडायची. प्रत्येक योजनेच्या पत्रकात 500, 1000 आणि 2000 युनिटचे दर वेगळे दिलेले असतात. 1000 युनिट वापरले तरच सूट देणारी आणि म्हणून तिथंच स्वस्त दिसणारी योजना नको. 990 वापरले की सूट जाते. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा गोठून टेक्सासची वीज कोसळली, आणि त्यांचं जाळं बाकीच्या देशाशी जवळजवळ जोडलेलंच नसल्यानं बाहेरून पुरेशी वीज आणता आली नाही. घराघरांत पाइप फुटले. न्यू जर्सीत पुराचा प्रश्न आहे. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाच्या पावसानं तळघरं बुडाली. पंचगंगेचा पूर बघितलेल्याला वेगळं काय सांगावं? तळमजला आणि तळघर टाळा.

आमचं मत : पहिली दोन वर्षं एडिसन, भाड्यानं. पुढं शहर बदललं तर कंपनीनं व्हिसाचा सुधारित अर्ज आधी भरायला हवा. हे मुलाच्या लक्षात असू द्या.

प्रश्न : मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला आहेत. बाळंतपण जवळ आलं तर कुठलं राज्य बरं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : न्यू जर्सी. तिथं पगारातून कापलेल्या विम्यातून प्रसूतीआधी साधारण 4 आठवडे, नंतर 6 (सिझेरियनला 8) आणि त्यापुढं बाळासाठी 12 आठवडे पगाराचा मोठा भाग मिळतो. बाळासाठीचे 12 आठवडे जावयालाही मिळतात. टेक्सासमध्ये राज्याची अशी योजना नाही. केंद्राच्या कायद्याची 12 आठवड्यांची रजा बिनपगारी, तीही 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत वर्ष भरलेलं असेल तरच. पैसे मिळणं आणि नोकरी राखली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींबद्दल एचआरकडून लेखी घ्यायला मुलीला सांगा.