मुलांचं टेन्शन आणि पुढे जाऊन हार्ट : तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच विषयाची तीन पत्रं निघाली, लिहिणाऱ्यांची वयं वेगळी पण भीती तीच, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी १५ वर्षांची आहे. गेले दोन-तीन महिने सारखी चिडचिड, मैत्रिणींचे फोन घेत नाही, ज्या खेळासाठी जीव टाकायची तो सोडून दिला, रात्रभर जागी आणि सकाळी उठवत नाही. मी वाचलं की या वयात डिप्रेशन आलं तर मोठेपणी हार्टचा त्रास होतो, तेव्हापासून माझीच झोप उडालीये. हे म्हणतात वयच तसं आहे, होईल नीट, आणि हार्टबिर्ट म्हातारपणाच्या गोष्टी. तिला हार्टच्या डॉक्टरांना दाखवू का? (एक आई)

उत्तर : ताई, हार्टच्या डॉक्टरांना नको, पण डॉक्टरांना दाखवा आणि शक्यतो याच आठवड्यात दाखवा. मोठ्या माणसाचं डिप्रेशन म्हणजे उदास चेहरा असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, या वयात मात्र ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपातच येतं आणि घरातले म्हणतात पोरगी उद्धट झाली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मूड तसाच आहे, आवडीच्या गोष्टीतला रस गेलाय, झोप बिघडलीये, माणसं टाळतेय, एवढं सगळं एकत्र असेल तर 'वय आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. आणि एक प्रश्न तुम्ही स्वतः तिला विचारा, सरळ शब्दात, की जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का. विचारल्याने डोक्यात तसलं काही भरवलं जातं ही भीती खोटी आहे, उलट मुलं सुटकेचा श्वास सोडतात. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं ठेवू नका आणि अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते. हार्टचा आजार दिसतो म्हातारपणी हे बरोबर, पण सुरू खूप आधी होतो. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची तपासणी १९५३ साली छापून आली होती, सरासरी वय २२, आणि त्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये आजाराच्या खुणा सापडल्या. तेव्हा अख्खं मेडिकल जग हादरलं होतं. म्हणजे टीनएजमध्ये शरीरात जे चालतं त्याचा हिशोब कुठेतरी होत असतो. सतत टेन्शनमध्ये असलेल्या शरीरात ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स बिघडलेल्या तालात चालतात, बीपी आणि शुगरवर त्याचा ताण येतो, आणि डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांच्या रक्तात सीआरपी म्हणजे सूज दाखवणारा घटक थोडा वाढलेला सापडतो. पण माझ्या मते याहून मोठा वाटा साध्या गोष्टींचा आहे. मन बरं नसलेलं मूल झोपत नाही, हलत नाही, काहीबाही खातं, आणि सिगारेटची ओळखही बहुतेकांची याच वयात होते. २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने डिप्रेशन आणि बायपोलर आजार (मूड टोकाचा वर-खाली होणारा) असलेल्या किशोरवयीन मुलांना हार्टच्या दृष्टीने मध्यम जोखमीच्या गटात धरा असं अधिकृतपणे म्हटलं, त्यामुळे तुम्ही वाचलंत ते काही अफवा नाही.

पण जोखीम म्हणजे भविष्यवाणी नव्हे. स्वीडनमध्ये १९६९-७० च्या सुमारास सैन्यभरतीला आलेल्या ४९ हजारांहून जास्त तरुणांवर ३७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यात १८-२० व्या वर्षी ज्यांना एन्झायटीचं, म्हणजे सततच्या काळजी-भीतीच्या आजाराचं, निदान झालं होतं त्यांच्यात पुढे हार्टचा आजार दुपटीने दिसला, आणि गंमत म्हणजे डिप्रेशनवाल्यांमध्ये तसा संबंध दिसलाच नाही. इतर अभ्यासांत दिसतो. म्हणजे चित्र एवढं सरळ नाहीये, आणि १५ वर्षांच्या पोरीकडे बघून हिला पंचेचाळिशीत काय होणार हे कुणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्या बाजूचाही एक अभ्यास सांगते, २०२३ मध्ये आलेला, अमेरिकेतल्या जवळजवळ साडेतीन हजार मुलांचा. आशावाद, आनंदी असणं, स्वतःबद्दल बरं वाटणं, आपण कुठेतरी सामावलेलो आहोत असं वाटणं आणि आपल्यावर कुणाचं तरी प्रेम आहे असं वाटणं, या पाच गोष्टी टीनएजमध्ये बघितल्या आणि मग विशी-तिशीत बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, वजन, सीआरपी असं सगळं मोजलं. ज्यांच्याकडे चार-पाच गोष्टी होत्या त्यांचे आकडे नीट राहण्याची शक्यता, एकही किंवा जेमतेम एक गोष्ट असलेल्यांपेक्षा ६९ टक्क्यांनी जास्त निघाली. हेडलाइन इथेच थांबते, पण एकूण मुलांपैकी साधारण १२ टक्क्यांचेच सगळे आकडे शेवटपर्यंत चांगले राहिले होते, त्यामुळे ६९ टक्के ऐकून हुरळून जायचं नाही. शिवाय हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रेम दिलं की कोलेस्टेरॉल उतरतं असा अर्थ कुणी काढू नये.

तरी मला त्यातली पाचवी गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ती बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. आपण प्रेम करतो की नाही हा प्रश्नच नाही, तिला ते जाणवतंय का हा प्रश्न आहे. रोज थोडा वेळ असा काढा की ज्यात अभ्यास, मोबाइल, झोप यातलं काहीच विचारायचं नाही. आणि कृपा करून तिला 'अशीच राहिलीस तर हार्ट अटॅक येईल' हे सांगू नका, जी आधीच पिचलीये तिच्या डोक्यावर अजून एक ओझं कशाला. समुपदेशन, सीबीटीसारखी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) थेरपी यांचा या वयात चांगला उपयोग होतो, गरज वाटली तर सायकियाट्रिस्ट औषधही देतील, त्याला घाबरू नका पण स्वतःच्या मनाने बंदही करू नका. झोप ८ ते १० तास लागते, तिकडे हळूहळू न्यायचं. डॉक्टरकडे जालच तेव्हा बीपी आणि वजन मोजून घ्या, वयाच्या १३ वर्षांनंतर बीपी १२०/८० च्या खाली हवं, तेवढं हार्टसाठी आत्ता पुरे.

प्रश्न : वय ४३. माझं लहानपण फार वाईट गेलं, घरात मारहाण, वडिलांचं पिणं, कॉलेज संपेपर्यंत मी कायम धास्तावलेला असायचो. आता संसार ठीक चाललाय. पण असं लहानपण गेलेल्यांना हार्टचा धोका असतो हे ऐकलं आणि वाटलं, झालं, आता काय उपयोग. नुकसान तर होऊन गेलंय ना?

उत्तर : दादा, संबंध आहे हे खरं. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव लहानपणी आलेल्यांमध्ये हार्टच्या आजाराचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं होतं. पण त्याच पाहणीत अशा लोकांमध्ये सिगारेट, दारू, डिप्रेशन हेही खूप जास्त होतं, म्हणजे लहानपण आणि हार्ट यांच्या मधल्या वाटेवर बरंच काही आहे आणि त्यातलं पुष्कळ आजही बदलता येतं. सिगारेट ओढत असाल तर सोडल्यावर एका वर्षात हार्टच्या आजाराची वाढीव जोखीम जवळपास निम्म्यावर येते, एवढा पटकन फायदा मला तरी दुसऱ्या कशात माहीत नाही. बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांना लहानपणाबद्दलही सांगा, ते सहसा स्वतःहून विचारत नाहीत.

आणि ती धास्ती अजून आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर तिच्यावर उपचार घ्या, पण हार्टसाठी म्हणून नको. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार उदास किंवा एकट्या पडलेल्या पेशंट्सवर एक मोठी चाचणी झाली होती, निकाल २००३ मध्ये आले, थेरपीने त्यांचं मन सुधारलं पण मृत्यू आणि दुसरा अटॅक यांचं प्रमाण काही कमी झालं नाही. बऱ्याच जणांना हे वाचून निराशा वाटते, मला नाही वाटत. माणसाला रात्री शांत झोप लागली, हा फायदा हिशोबात धरायचाच नाही का?

प्रश्न : डॉक्टर मी १७ वर्षांचा आहे. परीक्षेच्या आधी आणि कधी कधी उगाचच छातीत धडधडतं, हात गार पडतात, वाटतं आता मरतोय. ईसीजी नॉर्मल आला. घरचे म्हणतात नाटकं आहेत. मी दिवसातून खूप वेळा घड्याळात पल्स बघतो. माझं हार्ट आत्तापासूनच खराब होतंय का? फुटबॉल बंद करू का?

उत्तर : नाटकं नाहीयेत रे, धडधड अगदी खरी असते. तू लिहिलंयस ते पॅनिक अटॅकशी, म्हणजे भीतीच्या अचानक झटक्याशी, जुळतं, त्यात ॲड्रेनलिन एकदम सुटतं, काही मिनिटांत शिखर गाठतं आणि मग आपोआप उतरतं, आणि त्या काही मिनिटांत हार्ट खराब होत नाही, ते पळताना जे करतं तेच तेव्हाही करत असतं. फक्त तीन गोष्टी मला कळायला हव्यात. खेळताना कधी चक्कर येऊन पडलायस का, पळताना छातीत दुखतं का, आणि घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का. यातल्या एकालाही 'हो' असेल तर खेळ थांबव आणि हार्टच्या डॉक्टरांकडून नीट तपासून घे, एक नॉर्मल ईसीजी त्याला पुरेसा नाही. तिन्हीला 'नाही' असेल तर फुटबॉल अजिबात बंद करू नकोस, धडधडीला घाबरून एकेक गोष्ट सोडायला लागलास की भीती अजून वाढते. एनर्जी ड्रिंक घेत असशील तर ते बंद. असा पॅनिक अटॅक आला की श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, आणि घड्याळातलं ते पल्सचं फीचर महिनाभर ऑफ करून ठेव. काउन्सेलरकडे जाताना घरच्यांपैकी जे तुझं जरा तरी ऐकतात त्यांना सोबत ने आणि हे पान त्यांना आधी वाचायला दे.