विनिमय, पण कशाचा?

प्रश्न असा आला आहे: ‘दोन धातू-आयनांमध्ये मधल्या लिगंडमार्फत (म्हणजे धातूला जोडलेल्या अणू वा अणुगटामार्फत) चुंबकीय विनिमय होतो, असे वाचले. मग कोण कोणाला काय देतो? आणि सुपरएक्स्चेंजला महाविनिमय म्हणावे का?’

आधी व्युत्पत्ती. विनिमयातला ‘मय’ हा जलमय, आनंदमय यांतला प्रत्यय नव्हे. संस्कृतात ‘मे’ हा अदलाबदल करणे या अर्थाचा धातू आहे. त्याला वि आणि नि हे उपसर्ग लागले. (हा धातू व्याकरणातला, तांब्याचा पुढे येतो.)

खरे तर इथे कोणीच कोणाला काही देत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे गणितात दोघांच्या जागा अदलून पाहाव्या लागतात. त्यातून ऊर्जेच्या समीकरणात एक जादा पद येते आणि शेजारचे स्पिन (इलेक्ट्रॉनांचे अंगभूत इवले चुंबकत्व) समांतर राहणार की उलटे, ते त्यावर ठरते. हायझेनबर्ग आणि डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२६ साली हे दाखवले. अदलाबदल आहे ती कागदावरची. म्हणून ‘विनिमय’ चालेल, ‘देवाणघेवाण’ नको. तिच्यात माल खरोखरच हलतो.

कॉपर ॲसिटेटचे निळसर हिरवे स्फटिक घ्या. दोन तांबे-आयन, प्रत्येकावर एकेक एकटा इलेक्ट्रॉन, अंतर सुमारे २.६ अँगस्ट्रॉम आणि मध्ये दोघांना जोडणारे चार ॲसिटेटचे पूल, म्हणजेच लिगंड. साधा अनुचुंबकीय (चुंबकाकडे किंचित ओढला जाणारा) पदार्थ थंड करत गेले की त्याची चुंबकीय प्रवणता, म्हणजे चुंबकाला मिळणारा प्रतिसाद, वाढत जाते. इथे मात्र सुमारे २५५ केल्विनच्या खाली ती चक्क उतरू लागते, कारण दोन्ही स्पिन उलटसुलट जुळून एकमेकांना खोडतात. ब्लीनी आणि बोवर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५२ साली केवळ चुंबकीय वागणुकीवरून ही तांब्याची जोडी ताडली. क्ष-किरणांनी रचना दिसली ती पुढच्या वर्षी.

आता ‘महा’. सुपर म्हणजे इथे मोठा नव्हे, पलीकडचा: मधला अचुंबकीय अणू ओलांडून होणारा. भौतिकशास्त्रज्ञ क्रामर्स यांनी १९३४ साली ही कल्पना मांडली. महाविनिमय म्हटले की वाचणाऱ्याला तो जोरकस वाटणार, आणि प्रत्यक्षात तो अगदी क्षीणही असतो. हायड्रॉक्साइडचे दोन पूल असलेल्या तांब्याच्या जोड्यांत तर पुलाचा (तांबे–ऑक्सिजन–तांबे) कोन ९७.५ अंशांच्या आसपास आला की तो जवळपास शून्यावर येतो, आणि कोन त्याहून कमी झाला की स्पिन समांतर होतात.

माझी पसंती ‘सेतुविनिमय’ला. एकटा ‘सेतू’ दीर्घ, पण समासात पूर्वपद म्हणून आला की तत्सम नियमाने ‘सेतु’ ऱ्हस्व.