हागवॉनमधली पाळत: आधी पुरावा, मग तक्रार

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही कोरियात ग्योंगी प्रांतातल्या एका हागवॉनमध्ये, म्हणजे खाजगी क्लासमध्ये, इंग्रजी शिकवता. बरोबरच्या दोन शिक्षिका तुमचं येणंजाणं, बोलणं, फोन बघणं सगळं वॉनजांगच्या, म्हणजे संचालिकेच्या कानावर घालतात. वर्गातल्या शेल्फवर पुस्तकांमागे कुणाचा तरी जुना फोन दिसला. घरच्यांना व्हॉट्सॅपवर मराठीत लिहिलेलं वाक्य दोन दिवसांनी ऑफिसात तुम्हालाच ऐकवण्यात आलं. आता भांडू, तक्रार करू की सोडून देऊ? यातून गेलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, कायद्याचं शेवटी तिथल्या नोमुसाकडून (कामगार कायद्याचे परवानाधारक सल्लागार) तपासून घ्याच. करार नीट वाचा, शांत राहा वगैरे तुम्हाला सांगायची गरज नाही.

सगळ्यात आधी, तुम्हाला कळलंय हे अजून कुणालाच कळू देऊ नका. त्या दोघींपैकी जी 'बरी' वाटते तिलाही नाही.

मग गळती कुठून होते ते शोधा. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या निरुपद्रवी गोष्टी सोडा. सहकारी शिक्षिकेला सांगा, सुट्टीत ग्योंगजूला जाणार आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॅपमधून बहिणीला लिहा, बुसानला चाललेय. रिकाम्या वर्गात कानाला फोन लावून जरा मोठ्यानं म्हणा, जेजूचं तिकीट काढलंय. वॉनजांग कुठल्या गावाची चौकशी करते त्यावरून वाट कळते. मात्र तिन्ही एकाच दिवशी करू नका, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या, नाहीतर काय कुठून फुटलं ते ओळखता येत नाही. आणि मुलांसमोर यातलं काही बोलू नका. हागवॉनमध्ये निम्म्या बातम्या मुलांकडून आईकडे आणि आईकडून थेट ऑफिसात जातात, आणि आपण उगाच सहकाऱ्यांवर संशय घेत बसतो.

व्हॉट्सॅपचं बहुतेक साधंच निघेल: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं वेब व्हॉट्सॅप चालू राहिलेलं असणार. एकदा जोडलेलं उपकरण वापरात असेपर्यंत सहसा आपोआप सुटत नाही, तुमचा फोन चौदा दिवसांहून जास्त बंद राहिला तर सुटतं. मराठीत लिहिलं म्हणजे कुणाला कळणार नाही या भरवशावर राहू नका. गूगल ट्रान्सलेटला मराठी येतं, स्क्रीनवर मोबाइल धरला तरी काम होतं. इथे सगळेच एक गोष्ट चुकतात: घाबरून लगेच लॉगआउट करतात आणि पुरावा स्वतःच्या हातानं पुसतात. फोनमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत प्रत्येकासमोर शेवटचं कधी वापरलं ते दिसतं. त्या वेळी तुम्ही वर्गात शिकवत होतात हे वेळापत्रकावरून दाखवता आलं, की ते काम दुसऱ्या कुणाचं हे सांगावं लागत नाही. म्हणून आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट, मग वेळापत्रकाचा फोटो, मग लॉगआउट. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून अगदी खाली उजव्या कोपऱ्यात 'डिटेल्स' दाबलं की अलीकडे कुठून उघडलं गेलं ते कळतं, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. पासवर्ड घरून, स्वतःच्या डेटावर बदला. ऑफिसचं वायफाय वापरलं म्हणून कुणी तुमचे मेसेज वाचू शकत नाही, ती भीती काढून टाका. धोका चालू राहिलेल्या कॉम्प्युटरचा असतो.

शेल्फवरच्या फोनला हात लावू नका. उचलून पर्समध्ये टाकलात तर 'माझा फोन चोरला' अशी उलटी तक्रार येते, आणि उघडून बघितलात तर त्यांनी केलं तेच तुम्ही केल्यासारखं होतं. एक फोटो लांबून, ज्यात खोली, शेल्फ आणि भिंतीवरचं घड्याळ येईल. दुसरा जवळून. चार्जिंगची वायर लावलेली आहे का ते बघा. दिवसभर रेकॉर्ड करणारा फोन बॅटरीवर टिकत नाही, त्यामुळे वायर असेल तर 'विसरला असेल कुणीतरी' ही सबब लंगडी पडते. वर्गात टॅबलेट असेल तर तोही बघा: अँड्रॉइड १२ पासून पुढे माइक किंवा कॅमेरा चालू असला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. विंडोजच्या कॉम्प्युटरवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये कुठल्या अ‍ॅपनं माइक शेवटचा कधी वापरला ते लिहिलेलं असतं. ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली 'छुपा कॅमेरा शोधक' यंत्रं घेऊ नका, ती राउटरजवळ गेली तरी किंचाळतात. स्क्रीनवर रेकॉर्डिंग चालू असलेलं डोळ्यांनी दिसलं, किंवा टॉयलेटमध्ये काहीही संशयास्पद दिसलं, तर तिथूनच ११२, म्हणजे पोलिसांना फोन. त्यात विचार करत बसायचं नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. परदेशी लोकांना मदत करणारी सल्ला केंद्रं तिथे बरीच आहेत, आणि आपल्याला वाटतं तिथे सांगितलेलं तिथेच राहील. माझी तक्रार ज्या कार्यालयात गेली त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी निम्मं ऐकलं आणि 'दोन्ही बाजू ऐकू या' म्हणून माझ्यासमोर हागवॉनला फोन लावला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, तडजोड करून द्यायची इतकंच त्यांना माहीत. पण त्या एका फोननंतर काकाओटॉकवरचा (कोरियातलं व्हॉट्सॅपसारखं अ‍ॅप) ग्रुप गायब झाला, शेल्फ रिकामं झालं, आणि कालपर्यंत हसून बोलणारे लोक प्रत्येक वाक्य लेखी मागू लागले. भरवसा म्हणून सांगितलेलं सगळं समोरच्यांना वकिलाकडे जायला पुरलं. पुढे लेबर ऑफिसात गेल्यावर अधिकारी विचारतो, पुरावा कुठे आहे? त्याचंही बरोबरच आहे, तो कागद बघतो.

म्हणून कुठल्याही खिडकीवर गेलात, सरकारी असो की संस्थेची, तर पहिला प्रश्न हा: तुम्ही माझ्या मालकाशी संपर्क करणार का, कधी, आणि मला विचारून का? उत्तर गोलमोल आलं तर नाव-गाव न सांगता फक्त माहिती घ्या आणि निघा. अर्ज भरावा लागलाच तर वरच एक ओळ कोरियनमध्ये लिहा की माझ्या लेखी संमतीशिवाय कामाच्या ठिकाणी संपर्क करू नये, आणि त्या अर्जाचा फोटो ठेवा. श्रम मंत्रालयाची १३५० आणि इमिग्रेशनची १३४५ ही हेल्पलाइन नाव न सांगता माहिती देते, तेवढ्यापुरती ती चांगली. नोकरी लावून देणाऱ्या एजंटला तर चुकूनही सांगू नका. त्याला पैसे हागवॉन देतं, तुम्ही नाही.

कायद्याचं बघू. कोरियात ज्या संभाषणात आपण स्वतः आहोत ते रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. याचा अर्थ ती सहकारी कॉफी पिताना तुमचं बोलणं टिपू शकते, आणि तुम्हीही वॉनजांगशी झालेली बैठक टिपू शकता. पण आपण ज्यात नाही अशा दोघांचं खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं हा संपर्क-गोपनीयता संरक्षण कायद्याखाली मोठा गुन्हा आहे, एक ते दहा वर्षं कैद, नुसत्या दंडावर सुटका नाही. वर्गातलं शिकवणं हे 'खाजगी' बोलणं कसं, असं कुणी म्हणेल. एका आईनं मुलाच्या दप्तरात रेकॉर्डर ठेवून शिक्षकाचं बोलणं टिपलं होतं, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून नाकारलं. तुमच्या शेल्फवरच्या फोनला हेच लागू पडतं. आणि म्हणूनच बदला म्हणून स्वतःचा फोन स्टाफरूममध्ये ठेवून बाहेर जाऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो.

मेसेज वाचण्याबद्दल २०१८ च्या डिसेंबरातला निकाल तुमच्या बाबतीत जवळचा आहे. सहकारी जागेवर नसताना तिच्या कॉम्प्युटरवरचं मेसेंजरमधलं बोलणं उघडून, कॉपी करून वरिष्ठाला पाठवणाऱ्याला दोषी धरलं गेलं. 'कॉम्प्युटर उघडाच होता' हे कारण तिथे चाललं नाही.

भिंतीवरचा सीसीटीव्ही वेगळा. तो बेकायदा नाही, पण त्याला पाटी हवी: कशासाठी, कुठे, किती वेळ, जबाबदार कोण. आवाज रेकॉर्ड करायची परवानगी त्याला नाहीच. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा वॉनजांग घरी बसून मोबाइलवर बघते आणि 'आज तीन मिनिटं खुर्चीत का बसलात' असं विचारते, हा हेतूबाहेरचा वापर. अशा प्रत्येक वाक्याची तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. स्वतः दिसत असलेलं चित्रीकरण मागण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चित्रीकरण साधारण तीस दिवसांत पुसलं जातं. मागणी केली की ते सावध होणार, म्हणून ती तक्रारीच्याच दिवशी करा, आदल्या आठवड्यात नाही.

काकाओटॉकच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल काही दिसलं, कुणी दाखवलं, तर त्या क्षणी फोटो घ्या, पाठवणाऱ्याला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. तुम्ही स्वतः ज्या ग्रुपमध्ये आहात तिथलं बोलणं टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतं, पण ती फाइल कुणीही बदलू शकतं. दुसऱ्या फोननं वरपासून खालपर्यंत सरकवत व्हिडिओ काढा, त्यात नावं आणि तारखा दिसू द्या.

आता एक कडू प्रश्न: तुमचा करार कितव्या महिन्यात आहे? वर्ष पूर्ण झालं की कोरियात नोकरी सोडतानाचा साधारण एक महिन्याचा पगार, तेजिकगम, द्यावाच लागतो. अकराव्या महिन्यात अचानक शिक्षकाच्या चुका सापडायला लागतात ते काही योगायोगानं नाही. सहकारी शिक्षिका हौसेनं टिपतात असं वाटतं, पण त्यांना बहुतेक वेळा सांगितलेलं असतं. त्यांच्यावर राग काढून हाती काही लागत नाही. एखाद्या दिवशी टेबलावर कागद सरकवतील, 'फक्त सही करा, म्हणजे सगळं नीट होईल.' तो साजिकसो, राजीनामा असतो. सही केली की ती बडतर्फी राहत नाही, तुमची इच्छा होते. म्हणा, घरी जाऊन वाचते. काढायचं असेल तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कारण आणि तारीख लेखी द्यावी लागते, आणि तीन महिने किंवा जास्त काम झालं असेल तर तीस दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार.

अन्यायी बडतर्फीची दाद आणि कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१९ चा कायदा हे दोन्ही पाच किंवा जास्त कामगार असतील तरच लागू होतात. तुमच्याकडे किती जण आहेत ते मोजा, दुपारच्या बसचे ड्रायव्हर आणि अर्धवेळ शिक्षिकाही धरून. पगाराच्या स्लिपवर ३.३ टक्के कापलेले दिसले तर तुम्हाला फ्रीलान्सर दाखवलंय. घाबरू नका, वेळ आणि जागा ते ठरवत असतील तर अधिकारी कागदापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, आणि गंमत म्हणजे मिनिटामिनिटाची ही पाळतच तुम्ही कामगार आहात याचा पुरावा होते. बडतर्फीविरुद्ध दाद मागायला तीन महिने मिळतात, त्यानंतर दार बंद.

तुमचा व्हिसा एफ-२, म्हणजे निवासाचा आहे, त्यामुळे ही नोकरी गेली म्हणून देश सोडावा लागत नाही. हा तुमचा हुकमी पत्ता आहे. भारत-कोरिया सेपा या व्यापार करारामुळे (२०१० पासून लागू) ई-२ वर, म्हणजे भाषा शिकवण्याच्या व्हिसावर, सरकारी शाळेत सहायक म्हणून आलेल्यांचं तसं नसतं. मुदतीआधी शाळा बदलायची तर जुन्या शाळेचं संमतीपत्र लागतं, त्यामुळे त्यांनी भांडणाआधी इमिग्रेशनकडे चौकशी करावी. तिथे वर्गात को-टीचर, म्हणजे बरोबरचा कोरियन शिक्षक, बसून नोंदी करतो ती व्यवस्थाच आहे, तिला पाळत म्हणू नका.

आणि हे सगळं झाल्यावर मन मोकळं करायला हागवॉनचं नाव घालून कुठेही लिहू नका. कोरियात खरं लिहिलं तरी बदनामीचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, ऑनलाइन असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड. सार्वजनिक हिताचा बचाव आहे, पण तो कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागतो.

माझं मत विचाराल तर करार संपेपर्यंत तिथेच राहा, वही भरत राहा, बोला कमी. झोप उडत असेल तर मात्र पैशांकडे बघू नका, निघा. निघताना अनुभवाचा दाखला, ग्योंगन्योक जुंगम्योंगसो, मागून घ्या. तीस दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर तो द्यावाच लागतो आणि सोडल्यापासून तीन वर्षांपर्यंत मागता येतो. त्यात तुम्ही मागाल तेवढंच लिहायचं असतं, 'वागणूक' वगैरे रकाना त्यांनी स्वतःहून भरला तर बदलून मागा.