पाण्यात बरं, दुसऱ्या दिवशी कंबर धरते: माझा अनुभव

‘तासभर पाण्यात असते तोवर कंबर आहे हेच विसरते, पण दुसऱ्या दिवशी उठवत नाही. बंद करू का?’ हे कंबरदुखीसाठी पाण्यात करायच्या व्यायामाबद्दलचं तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच माझं झालं होतं. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, जुना पेशंट आहे.

दुखण्यापेक्षा जास्त नुकसान माझं एका थेरपी सेंटरने केलं. नाव घेत नाही. व्यायामाचा झेरॉक्स कागद हातात दिला, आम्हा आठजणांना पाण्यात उतरवलं आणि थेरपिस्ट काठावर फोनवर बोलत बसले. दुखत नव्हतं म्हणून मी दहाच्या जागी तीस वेळा पाय झोकले, तेही जोरात. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो, हे कुणी सांगितलंच नाही. छातीइतक्या पाण्यात पायांवर जेमतेम एक तृतीयांश वजन येतं. कंबर गप्प राहते आणि माणूस वाहवत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात पेस्टचा फेस, दोन्ही हात बेसिनच्या कडेला, आणि चूळ टाकायला वाकता येईना. बायकोने समोर तांब्या धरला तेव्हा सुटलो. त्यापायी दोन महिने गेले. सेंटरमध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘सुरुवातीला होतं असं, येत राहा.’ आदल्या दिवसानंतर कसं वाटलं, एवढं जरी रोज विचारलं असतं तरी माझे ते दोन महिने वाचले असते. अजून राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: पाण्यात कसं वाटतं ते धरू नका, दुसऱ्या दिवशीची सकाळ धरा. कंबर नेहमीपेक्षा जास्त धरली तर पुढच्या वेळी निम्मं करा, पण बंद करू नका. दुसऱ्या फिजिओंनी मला फक्त दहा मिनिटं पाण्यात चालायला लावलं, पुढे, मागे, आडवं, सावकाश. तिथून हळूहळू वाढवलं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 113 रुग्ण होते. ज्यांनी आठवड्यातून दोनदा, तासभर, 3 महिने पाण्यात व्यायाम केला, त्यांचा कंबरेचा त्रास शेक-करंट (गरम शेक आणि विजेचा सौम्य करंट) घेणाऱ्यांपेक्षा वर्षभरानंतरही कमी होता. तेव्हा उपाय खोटा नाही, मात्र लक्ष ठेवणारं माणूस हवं.

पाणी कोमट हवं, 33 ते 35 अंश. पोहण्याच्या थंड तलावात माझे तरी स्नायू आखडतात. ‘पोहायला जा’ हा सल्लाही सरसकट घेऊ नका. डोकं वर काढून ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हातपाय मारत पोहणं) केला की कंबरेची कमान वाढते.

बाहेर येताना वजन परत अंगावर येतं, म्हणून शिडीपेक्षा कठड्याच्या पायऱ्या बऱ्या. टॉवेल खुर्चीवर ठेवा, जमिनीवर नको.

जांघेत बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं किंवा पायातली ताकद जाणं, यातलं काही असेल तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

तुमच्याकडे पाणी किती खोल आहे, आणि त्या तासात नेमकं काय काय करून घेतात? ते लिहा, मग बोलू.