सात तास अभ्यास आणि ४६ गुण

तू लिहितेस: रोज सात तास अभ्यास केला, एकही लेक्चर बुडवलं नाही, नोट्स तीनदा वाचून हायलाइट केल्या, तरी संख्याशास्त्रात शंभरपैकी ४६. शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडणाऱ्या मैत्रिणीला ७१. मेहनतीचे गुण मिळायला नकोत का?

लेखी परीक्षेत नकोत. गुणपत्रिका वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं, की हा विषय तुला येतो की नाही. आणि मेहनत मोजणार कशी? तास तूच सांगणार! राग येणं मात्र स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ एलन ग्रीनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थ्यांना वाटत होतं, की आपण खूप प्रयत्न करतोय हे सांगितल्यावर प्राध्यापकांनी ग्रेड देताना ते लक्षात घ्यावं.

जर्नल, प्रोजेक्टचा कच्चा मसुदा, चुका दुरुस्त करून पुन्हा दिलेलं काम यांना मेहनतीचे गुण असू शकतात. फक्त ते सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर झालेले हवेत. मागून दयेपोटी वाढवलेले दहा गुण तुला पुढच्या सत्रात रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत) समजावून देणार नाहीत.

खरी गोम त्या सात तासांत आहे. पुन्हापुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ‘येतंय’ असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२.

संख्याशास्त्रात आणखी एक फटका बसतो. पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे त्याच व्यक्तींच्या दोन मोजमापांची तुलना करणारी चाचणी, घे. तिच्या प्रकरणाखालची सगळी गणितं तिचीच असतात, त्यामुळे पद्धत निवडायची वेळच येत नाही. परीक्षेत प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. त्याच रुग्णांचा औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब दिला असेल, तर पेअर्ड टेस्ट. तिथे दोन स्वतंत्र गटांचं सूत्र लावलंस, तर माणसामाणसांतला फरक त्रुटीतच, म्हणजे हिशेबात न लागलेल्या चढउतारातच, राहतो आणि औषधाचा परिणाम झाकला जाऊ शकतो. आकडेमोड अचूक, निष्कर्ष चुकीचा. असं उत्तर लिहायलाही पूर्ण वेळ जातो, म्हणून तर गुण कापले की मनाला जास्त लागतं.

आता असं कर. चार प्रकरणांतली तीन-तीन गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळ. पहिली २० मिनिटं काहीही सोडवू नकोस. बाराही गणितांपुढे फक्त पद्धत आणि तिचं एका ओळीत कारण लिही. मग पुस्तकाशी ताडून बघ आणि सोडव. चुकलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं परत काढ. दमायला होईल आणि काही येत नाही असं वाटेल. तरी हायलाइटरकडे वळू नकोस. याला तीन तास पुरतात.

उत्तरपत्रिका पाहायला मिळाली तर गेलेल्या ५४ गुणांची विभागणी कर: पद्धत चुकली, पायरी चुकली, आकडेमोड चुकली, प्रश्न सोडवायचाच राहिला. पद्धतीचा रकाना सर्वांत मोठा निघाला तर वरचा उपाय लागू. प्रश्न सोडवायचेच राहिले असतील तर मात्र आधी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव. सरांकडे जाताना हा कागद ने आणि ‘मी खूप अभ्यास केला होता’ म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या प्रश्नात ही टेस्ट का चालली नाही?’ असं विचार.