शांत रानवाट कोणती?

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. निवृत्त झाल्यापासून मला आणि माझ्या यजमानांना रानात चालण्याची ओढ लागली आहे. परंतु रविवारी जेथे जावे तेथे गर्दी आणि स्पीकरवरची गाणी असतात. लोकलने जाता येईल, गुडघ्यांना झेपेल आणि खरोखर शांतता लाभेल, अशी वाट सुचवाल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्याला सर्वांत जवळचे रान म्हणजे ठाण्याचे येऊर. ठाणे स्थानकाबाहेरून परिवहनची बस मिळते आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पुढे जाता येते. मात्र शनिवार-रविवारी तेथे जाऊ नका, कारण बंगले आणि हॉटेलांची वर्दळ त्या दोन दिवसांत डोंगराची सारी शांतता गिळून टाकते. तेच येऊर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पाहा. निवृत्त माणसाच्या हाती असलेला आठवड्याचा मधला दिवस हा दूरच्या कोणत्याही जंगलापेक्षा मोलाचा आहे, असे मी अनुभवाने सांगते.

रानातली शांतता म्हणजे आवाज नसणे नव्हे. फाल्गुनात येऊरला सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे मोडते, आणि आपण थांबलो की दूरवरच्या तांबटाचे ‘टुक टुक’ एका लयीत ऐकू येऊ लागते. पावसाळा सरता सरता याच वाटांवर मोठ्या रानकोळ्यांची जाळी आडवी ताणलेली असतात; सकाळचे ऊन पडले की त्यांचे धागे सोनेरी दिसतात. काठीने ती तोडत जाण्यापेक्षा वाकून जावे.

गुडघ्यांचा विचार करता मी आपल्याला कर्नाळ्याचा आग्रह करीन. ठाण्याहून पनवेलची लोकल घ्या आणि तेथून पेणकडे जाणारी एसटी पकडा. कर्नाळा पक्षी अभयारण्य 1968 साली घोषित झाले. महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे आरंभी हॉर्न ऐकू येतील. परंतु पहिली काही वळणे ओलांडली की तो आवाज झाडीत विरत जातो. अंगठ्यासारख्या सुळक्याच्या किल्ल्याचा चढ मोह घालतो, पण तो दमवणारा आहे आणि सुळक्यावर आग्या मोहोळे असतात, म्हणून यावेळी तो सोडावा. हरियाल नावाची निसर्गवाट तुलनेने छोटी आणि सोपी आहे. तिच्यावर तासाभरात जमेल तेवढेच चालून उरलेला वेळ एखाद्या खडकावर बसून काढावा. पक्षी बसलेल्या माणसाजवळ येतात, चालणाऱ्याजवळ नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही शांत जागा आहेत, हे अनेकांना पटत नाही. कान्हेरीला बहुतेक लोक मोठे चैत्यगृह पाहून माघारी फिरतात. लेणी मात्र शंभराहून अधिक आहेत, आणि वरच्या अंगाला गेल्यावर खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढींपाशी पायऱ्यांवर बसून राहिले तर खाली पसरलेली हिरवी झाडी आणि वारा एवढेच उरते. तेथवर पायऱ्या आहेत, तेव्हा यजमानांच्या चालीने चला. उद्यान सोमवारी बंद असते.

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंढ्याच्या वाटेवर आम्ही दोघे मित्र आपापले जाऊ शकतो का? बिबट्याची भीती वाटते.
– एक विद्यार्थी, कांदिवली

उत्तर : आपापले जाऊ नका. शिलोंढ्याला उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे नोंदणी करून मार्गदर्शकासोबतच जावे. परवानगीविना जंगलाच्या आत शिरणे हा गुन्हा आहे. बिबट्या माणसाला टाळतो. तरीही पहाटेच्या अंधारात आणि सांजवेळी वाटेवर राहू नये, एकट्याने मागे रेंगाळू नये, आणि खाद्यपदार्थांचा कचरा टाकू नये, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या वस्तीपर्यंत येतो.